वाचक विचारतात: भट्टी घेण्याआधी पोलाद ठरवा

घरी सुऱ्या बनवणाऱ्यांची पत्रं अलीकडे बरीच येऊ लागली आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांचा विषय एकच असतो: पातं तापवायला भट्टी कोणती घेऊ? म्हणून या अंकातलं सदर सगळं भट्टीलाच दिलं आहे. माझी नोकरी टूलरूमच्या हार्डनिंग विभागात झाली, डाय आणि पंच (पत्रा कापायचे, घडवायचे साचे) यांना पाणी देण्यात, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करण्यात. सुऱ्या हा निवृत्तीनंतरचा नाद. तेव्हा माझी मतं थोडी कारखान्याच्या बाजूला झुकलेली असतील, एवढं धरून वाचा.

प्रश्न: ताई, दोन इलेक्ट्रिक भट्ट्या बघून ठेवल्या आहेत. एक १३०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, पण आतली खोली २० सेंटिमीटर. दुसरी ११०० पर्यंतच जाते, मात्र ४५ सेंटिमीटर खोल आहे आणि तिच्या कंट्रोलरला (तापमान राखणाऱ्या यंत्रणेला) टप्पे लावून देता येतात. सध्या १०८४ आणि ओ१ या पोलादांच्या सुऱ्या करतो. पुढेमागे स्टेनलेस करावं असं मनात आहे. जास्त तापणारी घेतलेली बरी ना?

नाही. दुसरी घ्या.

भट्टीच्या पाटीवरचा सगळ्यात मोठा आकडा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरावा म्हणूनच छापलेला असतो. तुमच्या कामाचे आकडे वेगळे आहेत. १०८४ आणि ओ१ दोन्हींना ८०० ते ८१५ अंश पुरतात. ५२१०० घेतलंत तर ८४५ च्या आसपास. डी२ ला १०१० लागतं, ४४०सी ला १०१० ते १०६५, आणि एईबी-एल हे बारीक धारेचं स्टेनलेस १०७० ते १०८० ला तापवतात. याच्या वर जाणारी पोलादं आहेत. पावडर पद्धतीने बनवलेल्या काही स्टेनलेसना ११५० लागतं. पण तुमच्या पत्रात त्यांचं नाव नाही. उद्या एईबी-एल च रोज करायचं ठरवलंत, तर मात्र ११०० ची भट्टी कायम आपल्या टोकाला राबेल आणि कॉइल (भट्टी तापवणारी गुंडाळलेली तार) लवकर जाईल. त्या वेळी १२०० ची बघा. अधूनमधून चार पाती करायला हीच चालेल.

आता खोलीकडे या. २० सेंटिमीटर खोल भट्टीत २० सेंटिमीटरचं पातं बसतं, असं विकणारा सांगेल. बसतं खरं, तापत नाही. दाराजवळचा पाच-सात सेंटिमीटरचा पट्टा नेहमी थंड असतो, कारण दारात बहुधा कॉइल नसते आणि फटीतून उष्णता जात असते. शिवाय सुरीची लांबी मोजताना लोक धारेची लांबी मोजतात, मुठीत जाणारं शेपूट विसरतात. शेपूट कडक व्हायची गरज नाही, पण आत जागा ते घेतंच. त्यामुळे २० सेंटिमीटरच्या भट्टीत तुम्ही फार तर खिशातल्या छोट्या सुऱ्या कराल. ४५ मध्ये ३० सेंटिमीटरचं पातं पुढेमागे जागा सोडून निवांत बसेल.

कंट्रोलर हे तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं कारण. १०८४ हे साधं पोलाद. त्यात कार्बन ०.८४ टक्क्याच्या आसपास. ७२७ अंशांच्या वर त्याची घडण बदलायला लागते, ८०० च्या थोडं पुढे ते पाणी द्यायला तयार होतं. ८७० च्या पुढे जाऊन रेंगाळलात तर दाणा (पोलादाच्या आतले बारीक स्फटिक) वाढायला लागतो, आणि दाणा वाढलेलं पातं पहिल्यांदा खाली पडतं तेव्हा काय ते सांगतं. म्हणजे कामाची पट्टी अरुंद आहे. या पट्टीत भट्टी टिकून राहते का, आणि पात्याच्या टोकापासून शेपटापर्यंत सारखीच राहते का, हे भट्टी विकणाऱ्याला विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही तर १३०० च्या पाटीचं कौतुक त्याच्याकडेच राहू द्या.

लोहचुंबकावर भागवता येईल का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. पोलाद ७७० अंशांच्या सुमाराला चुंबकाला चिकटायचं सोडतं. तुम्हाला हवं असलेलं तापमान त्याच्या तीस-चाळीस अंश वर आहे, आणि ते तीस-चाळीस अंश चुंबक दाखवत नाही. गॅसच्या भट्टीवर, १०८४ वर, सरावलेला हात असेल तर जमतं. ओ१ ला मात्र त्या तापमानावर दहा मिनिटं तरी ठेवावं लागतं, वीस ठेवलं तर उत्तम. उघड्या ज्वाळेत वीस मिनिटं एकच तापमान धरणं माझ्याच्याने होणार नाही. आमच्याकडे एक जुने मिस्त्री होते, पडदा ओढून अंधार करायचे आणि रंगावरून तापमान सांगायचे. दहा-पंधरा अंशांच्या आत असायचे. पण त्यांची नजर तीस वर्षं त्याच एका कोपऱ्यात, त्याच अंधारात तयार झाली होती. खिडकीतून ऊन आलं की तेही पायरोमीटर (तापमान मोजायचं यंत्र) मागवायचे.

भट्टी घरी आल्यावर एक सवय लावून घ्या. कंट्रोलरच्या पडद्यावर ८१५ आलं की लगेच पातं आत सरकवू नका. तेव्हा फक्त थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या दोन तारांच्या जोडीचं) टोक ८१५ झालेलं असतं. विटा अजून मागे असतात आणि त्यांना ओढून आणायला कॉइल पूर्ण जोरात जळत असते. अशा वेळी कॉइलचं स्वतःचं तापमान आतल्या तापमानापेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि पात्याचं पातळ टोक त्या लालबुंद तारेसमोर असतं. पडदा ८१५ म्हणत राहतो आणि टोक ८५० ला जाऊन येतं. वीस-पंचवीस मिनिटं रिकामी भट्टी स्थिर होऊ द्या, मग पातं ठेवा. दार उघडल्यावर आकडा पडेल, तो परत वर आला की घड्याळ लावा. पातं आडवं टाकू नका. खाचा पाडलेल्या विटेच्या तुकड्यावर पाठ खाली, धार वर असं उभं ठेवा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या तापतात आणि पातं स्वतःच्या वजनाने वाकत नाही.

प्रश्न: बहीण मातीची भांडी करते. तिची वरून उघडणारी मोठी भट्टी आठवड्यातले बरेच दिवस रिकामी असते. त्यातच माझी पाती तापवली तर?

तापवा, पण बहिणीला विचारून, आणि ती भट्टी कशी वागते हे तिच्याकडून शिकून.

तापमानाची चिंता नाही. मातीच्या भट्ट्या १२०० च्या पुढे सहज जातात, आणि मोठ्या पोकळीत उष्णता एकदा बसली की फार एकसारखी बसते. त्या बाबतीत ती सुऱ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक लहान भट्ट्यांपेक्षा सरस ठरेल. अडचण तापवण्यात नाही, काढण्यात आहे. ८१५ अंशांवर झाकण उचललं की सगळी उष्णता सरळ तोंडावर येते. समोरून दार उघडणाऱ्या भट्टीत तुम्ही बाजूला उभं राहू शकता, इथे वाकावं लागतं. वाकून, लांब चिमट्याने, खोल पोकळीतून, बाजूच्या खाचांतल्या कॉइलला न लागता पातं उचलायचं, आणि तेलापर्यंत न्यायचं. ओ१ थोडा वेळ देतं. १०९५ नावाचं पोलाद देत नाही: त्याला ५४० अंशांच्या खाली यायला जेमतेम सेकंदभर मिळतो, आणि तो सेकंद तेलात गेला पाहिजे, हवेत नाही. म्हणून वरून उघडणाऱ्या भट्टीत १०९५ करू नका. ओ१ किंवा ५१६० करा, नाहीतर हवेत कडक होणारं डी२.

आणखी एक. मातीची भट्टी सावकाश चढते, हा तिचा स्वभाव आहे. पाती थंड भट्टीत ठेवून तिच्याबरोबर चढवलीत तर ती तासन्‌तास तापत राहतील, वर ऑक्साइडचा पापुद्रा धरेल आणि कातडीतला कार्बन जळून जाईल. भट्टी आधी चढू द्या, पाती नंतर.

झाकण उघडल्यावर वीज तुटते का हे पहिल्या दिवशी तपासा. कित्येक भट्ट्यांना तसा स्विच नसतो. कॉइल उघडी असते, चिमटा लोखंडाचा असतो, पुढचं सांगायला नको. स्विच नसेल तर उचलण्याआधी हाताने मेन बंद करायचा, प्रत्येक वेळी. आणि बहिणीच्या भट्टीतल्या फळ्यांवर ग्लेझचे (भांड्यांवरच्या काचेसारख्या लेपाचे) थेंब असतील तर त्यावर पातं ठेवू नका. गरम ग्लेझ पोलादाला जे चिकटतं ते सुटत नाही.

(काच वितळवायच्या भट्टीबद्दलही एकाने विचारलं आहे. तिची कॉइल बहुधा झाकणात असते आणि तापमानाची मर्यादा साधारण नऊशे-साडेनऊशे. १०८४ होईल, स्टेनलेस होणार नाही. पाटी वाचा.)

प्रश्न: स्वयंपाकघरातला ओव्हन पूर्ण वर ठेवून पातं कडक होईल का?

नाही. तो २५० अंशांच्या आसपास थांबतो. पोलादाची घडण बदलायला ७२७ च्या वर जावं लागतं. त्या ओव्हनचा उपयोग पाणी दिल्यानंतर आहे, त्याबद्दल खाली.

प्रश्न: माझ्या भट्टीच्या पडद्यावर ८१५ दिसतं, वीस मिनिटं ठेवतो, कोमट तेलात बुडवतो. तरी ओ१ ची काही पाती कडक होतात आणि काहींवर कानस चावते. पोलाद खोटं असेल का?

पोलादावर संशय शेवटी घ्यायचा. आधी स्वस्तातले संशय संपवा.

पहिली गोष्ट, कानस कुठे चावते ते बघा. तापवताना हवेतल्या ऑक्सिजनने वरच्या कातडीतला कार्बन खाल्ला असेल, तर ती कातडी मऊच राहते. तिच्यावर कानस चावणारच. केसाच्या जाडीइतकं घासून काढा आणि परत कानस लावा. आता घसरली, तर आतलं पातं कडक आहे आणि तुमची भट्टी निर्दोष आहे. पाणी देण्याआधीच धार अगदी पातळ काढून ठेवणाऱ्यांना हा त्रास फार होतो, कारण त्यांच्या धारेत कातडीखेरीज काही उरलेलंच नसतं. धारेला निदान अर्धा मिलिमीटर जाडी ठेवून तापवा.

घासूनही चावली, तर पडद्यावर विश्वास ठेवणं थांबवा. पडदा पात्याचं तापमान दाखवत नाही. तो थर्मोकपलच्या टोकाचं दाखवतो, आणि ते टोक बहुधा मागच्या भिंतीतून दोन सेंटिमीटर आत आलेलं असतं, कॉइलला जवळ, पात्यापासून लांब. तुमची काही पाती होतात आणि काही होत नाहीत, म्हणजे कदाचित काही पाती मागे ठेवली जातात आणि काही दाराशी. एक दुसरं के-टाइप थर्मोकपल आणि हातातलं मीटर घ्या, त्याचं टोक पात्याशेजारी ठेवा, आणि मागे, मध्ये, पुढे असं मोजा. मागच्या-पुढच्यात वीस-पंचवीस अंशांचा फरक निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही. तो कळला की कुठे ठेवायचं हेही कळतं.

पण दोन्ही थर्मोकपलं मिळून खोटं बोलत असतील तर? त्यासाठी मीठ आहे. साधं मीठ ८०१ अंशांना वितळतं. निसर्गाने ओ१ वाल्यांसाठीच ठरवून दिल्यासारखा आकडा आहे हा. पोलादाच्या एका पत्र्यावर चिमूटभर कोरडं मीठ ठेवा, पत्रा पात्याच्या जागी ठेवा. भट्टी ७९० ला लावून दहा मिनिटं थांबा. खडे तसेच असले पाहिजेत. मग पाच-पाच अंश चढवत जा, दर वेळी दहा मिनिटं. ज्या आकड्याला खडे पाण्यासारखे पसरतात, तिथे खरं तापमान ८०१. पडदा त्या वेळी ८२० म्हणत असेल तर तुमची भट्टी जवळजवळ वीस अंश थापा मारते आहे, आणि तुम्ही ८१५ समजून ७९५ ला पाती काढत होतात. चिमटीपेक्षा जास्त मीठ घेऊ नका आणि ते विटेवर सांडू देऊ नका. त्याची वाफ विटांना आणि कॉइलला खाते. खिडकी उघडी असू द्या. वरच्या तापमानासाठी शुद्ध चांदीचा कण वापरता येतो, ती ९६२ ला वितळते.

थापा मारण्याची कारणं तीन-चारच असतात. के-टाइपच्या दोन तारा क्रोमेल आणि अल्युमेल यांच्या. हजाराच्या वर वारंवार तापल्या की त्यांचं रसायन बदलतं आणि आकडा हळूहळू सरकतो. बारीक, उघड्या तारेचं थर्मोकपल लवकर सरकतं, जाड तारेचं उशिरा. हे दुधासारखं नाशवंत सामान आहे असं समजा आणि बदलत राहा. दुसरं कारण, थर्मोकपलपासून कंट्रोलरपर्यंत कुणीतरी साधी तांब्याची वायर ओढलेली असते. तिथे के-टाइपचीच जोडवायर हवी, नाहीतर भट्टीचं कवच जितकं गरम होईल तितका आकडा चुकत जातो. तिसरं म्हणजे उलटी जोडणी. अमेरिकन पद्धतीत के-टाइपची पिवळी तार धन आणि लाल तार ऋण असते. लाल म्हणजे धन असं समजून जोडणारे खूप. पूर्ण उलटी जोडली तर भट्टी तापेल तसा आकडा उतरतो आणि लगेच कळतं. पण थर्मोकपल बरोबर आणि मधली जोडवायरच दोन्ही टोकांना उलटी लागली असेल, तर आकडा सरळच चढतो, फक्त चुकीचा चढतो. ती चूक मी अनुभवी इलेक्ट्रिशियनच्या हातून झालेली पाहिली आहे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी धन, पांढरी ऋण. तुमच्या हातात कोणती आली आहे ते बघून घ्या.

जाता जाता: १९०६ साली अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाला निकेल-क्रोमियमच्या तापतारेचं पेटंट मिळालं. क्रोमेल त्याच घराण्यातलं. म्हणजे तापवणारी तार आणि मोजणारी तार नात्यातल्याच आहेत, आणि दोघीही उष्णतेनेच म्हाताऱ्या होतात.

प्रश्न: भट्टी स्वतःच बांधतो आहे. २३ ग्रेडच्या हलक्या विटा आणि १.६ मिलिमीटरची कंथल ए-१ ही तापतार मिळाली आहे. पोकळी ४५ सेंटिमीटर खोल, १५ रुंद, १२ उंच. तार किती लावू? आणि घरच्या विजेवर चालेल ना?

तुम्ही मापं दिलीत, म्हणून हिशोब करून देते.

वीज २३० व्होल्टची धरते, आणि भट्टी ३ किलोवॉटची. एवढ्या पोकळीला ती पुरेशी आहे. विद्युतप्रवाह होतो १३ अँपिअर, म्हणजे १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन हवी. त्याच लाइनवर दुसरं काही नको, आणि एक्स्टेंशन बोर्ड तर मुळीच नको. रोध काढायला व्होल्टचा वर्ग भागिले वॉट: २३० गुणिले २३०, भागिले ३०००, उत्तर साडेसतरा ओहमच्या किंचित वर. कंथल ए-१ ची १.६ मिलिमीटरची तार मीटरला सुमारे ०.७२ ओहम देते. म्हणजे साडेचोवीस मीटर तार. तुमच्याकडे व्होल्टेज वेगळं असेल तर तो आकडा घालून हेच परत करा.

एवढ्यावर थांबू नका. तारेच्या दर चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर किती वॉट पडतात ते बघा. साडेचोवीस मीटरचा पृष्ठभाग साधारण १२३० चौरस सेंटिमीटर, त्यावर ३००० वॉट, म्हणजे अडीचच्या जरा खाली. खाचेत बसवलेल्या कॉइलला हे सोसतं. तार बारीक घेतली असती तर लांबी कमी लागली असती आणि पैसे वाचले असते, पण हाच आकडा वर गेला असता आणि तार लवकर जळली असती. तुमची १.६ ची निवड चांगली आहे.

ही तार ८ मिलिमीटरच्या सळईवर गुंडाळलीत तर साधारण आठशे वेढे होतात, आणि घट्ट गुंडाळी १.३ मीटरची भरते. दोन्ही भिंतींना चार-चार खाचा पाडल्यात तर ३.६ मीटर खाच मिळते. म्हणजे गुंडाळी पावणेतीन पट ताणायची. हे अगदी योग्य ताणणं आहे. दुपटीपेक्षा कमी ताणलीत तर वेढे एकमेकांना तापवतात. भिंतीतून बाहेर येणाऱ्या शेपट्या दुहेरी पिळून घ्या. दुहेरी तारेत रोध निम्मा, म्हणून ती कमी तापते आणि जोडणी टिकते. वाकवायचं ते सगळं आधीच वाकवून घ्या. कंथल एकदा चांगली तापली की ठिसूळ होते, थंड असताना हात लावलात की काचेसारखी तुटते. खाचेतून बाहेर येऊ नये म्हणून लावायच्या पिनाही कंथलच्याच करा.

२३ ग्रेडच्या विटा १२६० अंशांपर्यंतच्या असतात. २६ ग्रेडच्या जास्त सोसतात, पण त्या जड असतात आणि उष्णता जास्त जाऊ देतात. सुरीसाठी २३ च बऱ्या. विटांबाहेर सिरॅमिक फायबरचा थर देणार असाल तर कापताना चांगला मास्क लावा. ते धागे फुप्फुसात गेलेले परत येत नाहीत. आतल्या बाजूला, उघड्या तोंडाने, फायबर मी लावत नाही. चटकन तापते म्हणून लोक लावतात. पण हजार अंशांवर वारंवार गेल्यावर त्याचे भुरभुरीत स्फटिक होतात, आणि दार उघडताना तुमचं तोंड तिथेच असतं.

आता विजेचं. कंट्रोलरमागे तुम्ही सॉलिड स्टेट रिले (कॉइलची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) लावणार, सगळेच लावतात. तो बिघडला की बहुतेक वेळा चालूच राहून बिघडतो. कंट्रोलर “बंद कर” म्हणत राहतो आणि भट्टी वितळेपर्यंत तापत राहते. म्हणून त्याच्या आधी एक कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह तोडणारा स्विच) हवा, आणि तो वेगळ्या थर्मोकपलवरच्या स्वतंत्र मर्यादा-कंट्रोलरने तुटायला हवा. दाराला स्विच हवा, दार उघडलं की दोन्ही तारांची वीज तुटेल असा. पत्र्याच्या कवचाला अर्थिंग हवं आणि लाइनवर गळतीला तुटणारा ब्रेकर हवा. रिलेला हीटसिंक लागतो, तो भट्टीच्या कवचाला चिकटवू नका. हे सगळं जोडणाऱ्याला विजेचं काम येत असलं पाहिजे. तुम्हाला येत नसेल तर विटा तुम्ही रचा, जोडणी दुसऱ्याला करू द्या. एवढं नको वाटत असेल तर तयार भट्टी घ्या. मी तरी या बाबतीत कुणाची भीड धरत नाही.

पहिल्यांदा पेटवताना शंभर-सव्वाशे अंशांवर काही तास ठेवा. विटांमध्ये ओल असते. गळतीचा ब्रेकर पहिल्या दिवशी पडला तर घाबरू नका, ओल जाईपर्यंत तो पडू शकतो. सुकल्यावरही पडला तर मात्र दोष शोधा. त्यानंतर एकदा रिकामी भट्टी १०५० च्या आसपास नेऊन काही तास हवेत ठेवा, म्हणजे तारेवर अॅल्युमिनाचा थर धरतो. तार त्या थरामुळेच टिकते. भट्टीत उघडा कोळसा टाकून ऑक्सिजन खाऊ घालण्याची युक्ती काहीजण सांगतात. तिने हा थर परत धरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो. नको.

प्रश्न: पात्याला हवा लागू नये म्हणून स्टेनलेसची फॉइल गुंडाळावी लागतेच का? की भट्टीत आरगॉन वायू सोडू?

१०८४ ला दहा मिनिटांच्या कामाला लागत नाही. पापुद्रारोधक लेप लावा किंवा थोडं जास्त घासा. आणि तेलात जाणाऱ्या पात्याला फॉइल असली तर तेल पोलादापर्यंत वेळेत पोचतच नाही.

डी२, ४४०सी, एईबी-एल यांना मात्र लागतेच. हजाराच्या वर अर्धा तास उघडं ठेवलेलं पातं बघवत नाही. फॉइलचं पाकीट तिन्ही बाजूंनी दोनदा दुमडा, आत कागदाचा बारीक तुकडा टाका, तो जळून आतला ऑक्सिजन संपवतो. ३२१ प्रकारची फॉइल १०९० पर्यंत चालते, वर ३०९ घ्या. हातमोजे घाला, ती फॉइल तुमच्या कुठल्याही सुरीपेक्षा बेमालूम कापते. भट्टीतून काढलं की पाकिटासकट दोन जाड अॅल्युमिनियमच्या पाट्यांमध्ये दाबायचं. पातं गार होतं आणि सरळही राहतं.

आरगॉन घरच्या भट्टीत परवडत नाही. हलकी वीट सच्छिद्र असते, दार गळतं, वायू सतत सोडत राहावं लागतं. तो हवेपेक्षा जड आहे, बंद खोलीत तळाशी साठतो आणि त्याला वास नाही.

प्रश्न: त्याच भट्टीत टेम्परिंग (पाणी दिलेलं पातं परत थोडं तापवून ठिसूळपणा घालवणं) केलं तर वेगळ्या ओव्हनचा खर्च वाचेल ना?

वाचेल, पण तुम्ही वाट बघत बसाल. ८१५ ची भट्टी २०० पर्यंत उतरायला कित्येक तास घेते, आणि पाणी दिलेलं पातं इतका वेळ तसंच ठेवण्यात अर्थ नाही. त्या अवस्थेत ते काचेसारखं असतं. कोपऱ्यात ठेवल्या ठेवल्या तडकलेले पंच मी पाहिले आहेत. हाताला सोसेल इतकं निवलं की लगेच टेम्परिंगला गेलं पाहिजे. दुसरं असं की ८०० वर बसवलेला कंट्रोलर २०० वर अंदाज चुकतो. कॉइल एक झटका देते, आकडा २४० ला जाऊन येतो, आणि तेवढ्यात ओ१ च्या धारेची कडकी उतरलेली असते. टेम्परिंगमध्ये वर गेलेलं परत आणता येत नाही, पाणी परत द्यावं लागतं.

म्हणून छोटा ओव्हन वेगळा ठेवा. त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट पंधरा-वीस अंश खालीवर होतो, तेव्हा आत वाळू भरलेला पत्र्याचा ट्रे ठेवा आणि पातं वाळूत पुरा. वाळू ते हेलकावे गिळते. थर्मोकपलचं टोक वाळूत, पात्याला लागून. तासभर आधी चालू करा, म्हणजे वाळू स्थिर होईल. ओ१ ला २०० अंश, दोन तास, मग थंड होऊ द्या आणि परत दोन तास. घासून चकचकीत केलेल्या जागेवर फिकट गवती पिवळा रंग येईल. तपकिरी आला तर ओव्हन सांगतो त्यापेक्षा गरम आहे. निळा आला तर ते पातं बाजूला ठेवा आणि ओव्हनचं मोजमाप आधी करा.

एकाने भट्टी आणि ओव्हन एकाच वेळी एकाच लाइनवर चालतील का असं विचारलं आहे. ३ किलोवॉटच्या भट्टीबरोबर नाही चालणार. ओव्हनला दुसरी लाइन द्या. पाणी देताना तो आधीच गरम असायला हवा, त्यामुळे दोन्ही एकदम चालू राहणारच.